गवयाचा श्वास

१ फेब्रुवारी

सुटले बाई एकदाची! आजपासून माझ्या डाव्या कानात कुणीही बोलणार नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका कानाला हेडफोन लावून काढली. "थांबा, जोडून देते" हे मी झोपेतसुद्धा म्हणते, असं ताई सांगते. उजवा कान बिचारा बत्तीस वर्षं बिनपगारी रजेवर होता. निरोपाच्या वेळी साहेबांनी विचारलं, आता पुढे काय? म्हटलं, गाणं ऐकणार. खरंखुरं, दोन स्पीकरवालं, दोन्ही कानांनी. सगळे हसले. हसू देत.

ही वही ऑफिसातली कोरी बिघाडवही आहे. पानावर चार रकाने छापलेत: तारीख, तक्रार, काय बदललं, परिणाम. मी रकान्यांवरून आडवंतिडवं लिहिणार. आता कोण विचारणार आहे!

३ फेब्रुवारी

ताईला सांगितलं, गाण्याचा सेट घेणार म्हणून. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरात आम्ही दोघीच, आई गेल्यापासून. ती हॉस्पिटलं आणि लॉज यांच्यासाठी रजया आणि पडदे शिवते, आणि बाहेरची खोली म्हणजे तिचं राज्य. मधोमध मशीन, खिडकीशी कापायचं टेबल, भिंतींना लावून छतापर्यंत रजयांचे गठ्ठे, खुंट्यांवर जाड पडदे, खाली तिनंच चिंध्यांचा विणलेला हा एवढा मोठा गालिचा. माझ्या खोलीत जायचं तर अंग चोरून जावं लागतं.

"घे की," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "टिटवीला आवाज पाहिजेच." मी सारखी बोलते म्हणून मी टिटवी. पाच वर्षांची होते तेव्हापासून. आता अठ्ठावन्नाची झाले तरी बढती नाही.

६ फेब्रुवारी

आज दुकानात गेले. काय ते दुकान! मऊ गालिचा, जाड पडदे, काळेभोर स्पीकर माझ्या खांद्याएवढे. मालक इतक्या हळू बोलतो की मी त्याचं नाव कुजबुज्या ठेवलंय. तो म्हणाला, "मॅडम, आधी ठरवा, सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला. तो चुकला तर बाकी सगळं व्यर्थ." मी विचारलं, कुठला? तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "स्पीकर."

घरी येऊन खरखरला फोन केला. खरखर म्हणजे आमच्या एक्स्चेंजचा रिटायर झालेला लाइन मेकॅनिक. नुसता रिसीव्हर कानाला लावून सांगायचा की खरखर कुठल्या गल्लीतल्या खांबावरून येतेय. म्हणून ते नाव. तो म्हणाला, "बाई, स्पीकर बिचारा सांगकाम्या. महत्त्वाचा अँप्लिफायर."

दोन शहाणे, दोन उत्तरं. मला तर उकळ्या फुटतायत. बत्तीस वर्षं बिघाड शोधले, आता उलटं काम: सगळ्यात चांगला आवाज कशामुळे येतो ते शोधायचं. पद्धत तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लिहून ठेवायचं.

८ फेब्रुवारी

अगं अगं अगं!

कुजबुज्यानं एक छोटा सेट घरी ऐकायला दिला. "मॅडम, हा अगदी साधा आहे, नुसता अंदाज यावा म्हणून." रेकॉर्ड प्लेअर, छोटा अँप्लिफायर, पावाच्या लादीएवढे दोन स्पीकर. खरखरनं येऊन वायरी जोडल्या. ठेवायला जागा कुठे? एक स्पीकर रजयांच्या एका गठ्ठ्यावर, दुसरा दुसऱ्या गठ्ठ्यावर. खरखरला हसू आवरेना. तो गेला, आणि मी आईची रेकॉर्ड काढली. आईकडे एकच होती. आमचा जुना प्लेअर बिघडला तेव्हा मी दहावीत होते, तेव्हापासून ती कपाटात पडून.

सुई टेकवली. आणि तो गवई खोलीत आला. आला म्हणजे आलाच, मशीन आणि खिडकीच्या मधे उभा! ताईचं मशीन थांबलं. लांब आलाप झाला, आणि ताई म्हणाली, "श्वास घेतला बघ त्यानं."

मला ऐकूच आला नव्हता. सुई मागे घेतली. खरंच. आलाप संपतो, आणि पुढच्या ओळीच्या आधी एक बारीकसा श्वास. म्हातारा माणूस जिना चढून आल्यावर घेतो तसा. लहानपणी त्या खरखरीत कधी ऐकू आला नव्हता. चार वेळा लावलं. चारही वेळा आला. ताई म्हणाली, "थकलाय बिचारा," आणि डोळे पुसले. मग मीही रडले. मग दोघी हसत बसलो. चहा गार झाला.

माणसाचा श्वास ऐकू येतो म्हणजे काय चेष्टा आहे!

९ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. साध्या सेटवर हे, तर चांगल्यावर काय होईल! पण चांगला सेट या गोदामात? कुजबुज्यानं कागदावर काढून दिलंय: दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिघांमध्ये सारखं अंतर. त्रिकोणाच्या टोकावर एक खुर्ची. ती जागा नेमकी ताईच्या मशीनची आहे.

ताईला विचारलं, थोडे गठ्ठे हलवता येतील का. ती जरा वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना. मग म्हणाली, "तू नोकरीला होतीस तोवर दिवसभर घर माझंच होतं. आता तुझी पाळी."

किती समजूतदार आहे माझी ताई!

१३ फेब्रुवारी

मोठे स्पीकर आले! ताईनं पाठीमागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या मागची खोली भाड्यानं घेतली आणि सगळे गठ्ठे तिकडे गेले. खोली अचानक केवढी मोठी झाली. मी मधे उभी राहून गिरकी घेतली.

आवाज मोठा आहे, दणदणीत आहे. श्वास मात्र नीटसा सापडला नाही. नवे स्पीकर रुळायला वेळ लागतो म्हणे. नव्या चपलेसारखं.

१७ फेब्रुवारी

स्पीकर रुळले नाहीत. उलट गवई आता किंचित नाकात गातो.

कुजबुज्या म्हणाला, स्टँड पाहिजेत. लोखंडी स्टँड आणले. स्टँडना जागा हवी म्हणून कापायचं टेबल गेलं, आणि टेबलाबरोबर पडदेही गेले, कारण टेबलाशिवाय ते कापणार कशावर? खिडकी मोकळी झाली. भरपूर उजेड आला. ताई म्हणाली, "समोरच्यांना आता आपलं सगळं दिसतं." मी म्हटलं, दिसू दे, ऐकू पण दे.

परिणाम: आवाज आणखी चिरका. मला काही कळेना. स्टँड तर चांगले वजनदार आहेत.

१८ फेब्रुवारी

खरखरला फोन केला. मी "हॅलो" म्हटल्याबरोबर त्यानं विचारलं, "बाई, कुठून बोलताय? विहिरीतून?"

म्हटलं, घरातूनच बोलतेय की! त्याचा फोन जुना झालाय, आणि कानही. तरी त्याचं ऐकून मोठा अँप्लिफायर मागवला. आता बघा.

२२ फेब्रुवारी

मोठा अँप्लिफायर लागला. दिव्याची निळी काच, काय देखणी! आवाज डब्यात बसल्यासारखा.

कुजबुज्यानं आता तिसरंच काढलं. "मॅडम, सगळ्याचं मूळ सुईत." नवी, नाजूक सुई दिली आणि बजावलं की धूळ बसली तर संपली. आमच्या घरात कापसाचं पीस कायम उडतं. मी ताईला अगदी हळुवारपणे म्हटलं की मशीन पण तिकडेच असलं तर तुलाच सोयीचं नाही का? शिवाय मशीनची टकटक, गाण्याच्या मधे मधे.

"मशीन इथं नसलं तर मी इथं कुठे बसू?" ताई म्हणाली.

मी म्हटलं, खुर्ची आहे की. ताईनं खुर्चीकडे बघितलं. खोलीत एकच खुर्ची आहे, माझी, मशीन हललं की त्रिकोणाच्या टोकावर जाणारी. ती हसली. ताईचा विनोद असा सुका असतो. दुपारी इस्त्रीवाला येऊन मशीन घेऊन गेला.

आता शांतता! बत्तीस वर्षं मला हीच हवी होती.

२५ फेब्रुवारी

तिकडे फरशी फार गार आहे म्हणून ताई गालिचा घेऊन गेली. मी आनंदानं गुंडाळून दिला. त्याच्या घड्यांत पन्नास तरी टाचण्या निघाल्या.

आणि आज आवाजानं हद्द केली! मी शिंकले तर भिंत उलट शिंकली. गवई गात होता की भांडी घासत होता कळेना. सुई बदलून बघितली. वायरी उलटसुलट केल्या. स्पीकर वीतभर पुढे, वीतभर मागे. कुजबुज्या म्हणतो, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी. मी चिडून म्हटलं, गवईच बदलून द्या ना!

ताई जेवायला आली तेव्हा तिला ऐकवलं. "काय कमी आहे सांग." तिनं उभ्या उभ्याच ऐकलं. म्हणाली, "नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतं. ऐकता येईना तेव्हा काय वाकडं असतं, ते तू शोध." आणि ताट विसळून गेली.

१ मार्च

ताईकडे मोठी ऑर्डर आहे, म्हणून परवा तिनं गादीही तिकडे नेली. तिथेच झोपते. सकाळी डबा देऊन आले. चांगली रमलीय ती. इस्त्रीवाल्याची बायको तिच्याशी गप्पा मारते. मला म्हणाली, "तुझं चालू दे निवांत."

निवांत आहेच. घरात इतकं निवांत आहे की मी काल नळाला "थांबा, जोडून देते" म्हटलं.

खरखरला फोन केला. पुन्हा तेच: "बाई, विहीर अजून खोल गेली वाटतं." मी उखडले. म्हटलं, अहो, मी स्पीकर बदलले, अँप्लिफायर बदलला, सुई बदलली, वायरी बदलल्या, आणि तुम्ही माझ्या आवाजाची चेष्टा करता? तो शांतपणे म्हणाला, "बत्तीस वर्षं आपण काय करायचो? बिघाड सुरू झाला त्या दिवशी काय बदललं, ते वहीत बघायचो. वही आहे ना?"

आहे. जेवण झालं की बघते.

१ मार्च, दुपार

अरे देवा. अरे देवा!

वही उघडली, छापील रकान्यांवर बोट ठेवलं, आणि पहिल्यांदाच रकान्यांप्रमाणे वाचलं.

१३ तारीख. तक्रार: श्वास सापडत नाही. काय बदललं: स्पीकर. आणि गठ्ठे.
१७ तारीख. तक्रार: चिरका. काय बदललं: स्टँड. आणि टेबल, पडदे.
२५ तारीख. तक्रार: भिंत शिंकते. सेटमधलं काय बदललं? काहीच नाही! त्या दिवशी फक्त गालिचा गेला होता.

मी उठले आणि खोलीच्या मधे टाळी वाजवली. टाळी चारही भिंतींना धडकून परत आली. विहीर! खरखर टेलिफोनवरून ऐकत होता ते मला खोलीत बसून ऐकू आलं नाही! कुजबुज्याच्या दुकानात गालिचा, पडदे कशाला आहेत ते आत्ता कळलं. सगळ्यात महत्त्वाचा भाग खोली! कापूस! आणि तो मी माझ्या हातानं घराबाहेर काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सोन्याच्या वायरी घेऊन!

चप्पल उलटसुलट घालून पळत ताईकडे गेले. धापा टाकत सांगितलं: ताई, तुझे गठ्ठे पाहिजेत! गालिचा पाहिजे! पडदे! सापडलं!

ताईनं मशीन थांबवलं आणि पायांखालच्या गालिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घेऊन जा. ते सहा आत्ता लागणार नाहीत. पडदे पण ने. गालिचा पण."

इतकी गुणी बहीण कुणाला मिळते? इस्त्रीवाल्याच्या हातगाडीनं तीन फेऱ्या केल्या.

१ मार्च, संध्याकाळ

लावलं. गठ्ठे भिंतींना, पडदे खुंट्यांवर, गालिचा खाली. मोठे स्पीकर, मोठा अँप्लिफायर, नवी सुई. खुर्ची टोकावर.

आला. गवई आला, मधोमध उभा. आलाप झाला, आणि श्वास आला. स्वच्छ. पहिल्या दिवसापेक्षा स्वच्छ. मी खुर्चीतून उडालेच, "ताई! ऐकलास?"

मशीनच्या जागी मीच बसले होते.

सुई तशीच शेवटच्या रेघेत फिरत राहिली. मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. या खेपेला आवाजाच्या नोंदी सोडून दिल्या, फक्त ताई काय म्हणाली ते वाचलं. "आता तुझी पाळी." दोरा जाईना, हे मीच लिहिलंय, आणि पुढे लिहिलंय समजूतदार. "मी इथं कुठे बसू?" पुढे लिहिलंय, सुका विनोद. बाई गं, विनोद! बत्तीस वर्षं ओळीवरचा आवाज ऐकून मी सांगत असे की पलीकडच्या बाईला वाईट बातमी आहे. आणि माझ्याच घरातली बाई...

आज दुपारी तिच्या दारात उभी राहून मी गठ्ठे मागितले, पडदे मागितले, गालिचा मागितला. तिच्या अंगाखालचा गालिचा. एकदाही म्हटलं नाही, तू ये.

लाज वाटते. लिहिते आहे कारण लिहून ठेवायचं असतं.

२ मार्च

सकाळी उठल्या उठल्या गेले. जाताना काही नेलं नाही, वहीसुद्धा नाही.

ताई गार फरशीवर गोणपाट टाकून त्यावर मशीन चालवत होती. मी म्हटलं, "ताई, घरी चल."

"का? अजून घुमतंय?"

"नाही. आवाज एकदम चांगला येतो."

"मग?"

"मग काय? श्वास आला, आणि सांगायला कुणी नव्हतं."

ती शिवत राहिली. मी दारातच उभी. मग म्हणाली, "टिटवे, मी काही रजईचा गठ्ठा नाही. आवाज घुमला की आत आणायचा, धूळ उडाली की बाहेर ठेवायचा."

मी रडत रडतच म्हटलं, "चुकले. कानात बत्तीस वर्षं माणसं बोलत होती म्हणून मला शांतता पाहिजे होती. मिळाली. नकोय मला ती. मला तू पाहिजेस. सेट आत्ता परत करते, सगळा."

"सेट कशाला परत करतेस? त्या गवयानं काय घोडं मारलंय?" तिनं दोरा दातांनी तोडला. "ही ऑर्डर पुरी होऊ दे. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. आणि ते नाक पूस, रजईवर गळेल."

९ मार्च

ऑर्डर काल गेली, आणि ताई आज आली! तिच्या अटी अशा. मशीन मधोमध, पहिल्या जागी. टेबल खिडकीशी. शिवायच्या वेळी शिवायचं, मग रेकॉर्ड कुठलीही असो. आणि इस्त्रीवाल्याच्या मागची खोली आणखी महिनाभर तरी तशीच ठेवायची, "कारण तुझा भरवसा नाही." मी सगळं मान्य केलं. भरवसा नाही हेसुद्धा.

मशीन मधोमध आल्यावर त्रिकोण मोडला. मोठ्या स्पीकरना जागाच राहिली नाही, म्हणून सकाळी ते, अँप्लिफायर आणि स्टँड कुजबुज्याकडे पोचवले आणि तो साधा सेट परत मागितला. तो हळहळला. "मॅडम, निदान मला सांगा, सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला ठरला?" म्हटलं, ती आत्ता घरी पडद्यांना दुमड घालत बसलीय. त्याला काही समजलं नाही. घरी खरखरला फोन करून "हॅलो" म्हटलं, तर तो म्हणाला, "आलात का वर?"

स्पीकर पुन्हा गठ्ठ्यांवर बसले, एक जरा उंच, एक जरा वाकडा. सुईवर कापसाचं पीस बसतं, फुंकर मारायची. माझी खुर्ची टेबलाच्या कडेला आहे. तिथून डावा स्पीकर जास्त ऐकू येतो, म्हणजे माझा डावा कान पुन्हा ड्युटीवर. असू दे, त्याला सवय आहे.

दुपारी रेकॉर्ड लावली. ताईचं मशीन जोरात चालू होतं, टकटक टकटक, आलापाच्या बरोबर मधे. मी दात आवळले. तिच्या पायाकडे बघत बसले. आलाप लांबत गेला, खाली उतरायला लागला, आणि तिचा पाय हळू झाला. थांबला. गवयानं श्वास घेतला. पाय पुन्हा चालू झाला.

तिनं मान वर केली नाही.

मग मी सुई मागे घेतली. पाय पुन्हा बरोबर त्याच जागी थांबला.